पीडीएफ पोचते, पण पानं कोरी: ‘बायनरी’ हे एन्कोडिंग नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थेच्या सभासदांना दर महिन्याला पावतीची पीडीएफ मेलने पाठवायची आहे. पायथनमध्ये सगळा मेल हाताने स्ट्रिंग जोडून तयार केलाय: बाउंड्री (मेलचे भाग वेगळे करणारी खूण), हेडर, मग फाइलमधला डेटा. ॲटॅचमेंटच्या हेडरमध्ये ‘कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग: बायनरी’ असं लिहिलंय. फाइल वाचताना यूटीएफ-८ ची (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची एक पद्धत) एरर आली म्हणून लॅटिन-१ ही दुसरी पद्धत लावली. पाठवताना आस्कीची (फक्त साधी इंग्रजी अक्षरं-आकडे असलेली पद्धत) एरर आली म्हणून शेवटी अख्खी स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केली. आता एरर येत नाही, मेल जातो, ॲटॅचमेंट दिसते. पण ८४ केबीची फाइल १२२ केबीची होऊन पोचते, आणि उघडली की पानांची संख्या बरोबर, पण प्रत्येक पान कोरं. शिवाय फाइलचं मराठी नाव भलतंच दिसतं. तर बायनरी एन्कोडिंग नीट कसं करायचं?

हेडरची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाका.

आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ, कारण ‘बायनरी’ नावाचं एन्कोडिंग नाहीच. नोव्हेंबर १९९६ च्या आरएफसी २०४५ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) या हेडरसाठी पाच किमती दिल्या आहेत: ७बिट, ८बिट, बायनरी, कोटेड-प्रिंटेबल आणि बेस६४. यातल्या शेवटच्या दोनच किमती डेटावर काही प्रक्रिया झाल्याचं, म्हणजे बाइट साध्या आस्की अक्षरांत लिहिल्याचं सांगतात. पहिल्या तीन म्हणजे नुसत्या पाट्या आहेत. ‘बायनरी’ या पाटीचा अर्थ इतकाच की आत कुठलाही बाइट असू शकतो, ओळ कितीही लांब असू शकते आणि मी डेटाला हात लावलेला नाही. पाटी लावल्याने डेटा सुरक्षित होत नाही. उलट समोरचा प्रोग्रॅम तिच्यावर विश्वास ठेवून काहीही न उलगडता जे आलं ते जसंच्या तसं फाइलमध्ये ओततो.

आणि वाटेत डेटा जसाच्या तसा राहत नाही, कारण एसएमटीपी हा मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल ओळींचा आहे. ‘डेटा’ या कमांडनंतर जे जातं ते ओळींमध्येच जातं. प्रत्येक ओळ जास्तीत जास्त ९९८ अक्षरांची, शेवटी सीआर आणि एलएफ ही जोडी (१३ आणि १० हे बाइट, ओळ संपल्याची खूण), आणि ओळीवर एकटा टिंब आला की मेल संपला. पीडीएफच्या आत १३ आणि १० या किमतींचे बाइट कुठेही, सुटे सुटे येतात. वाटेतला सर्व्हर त्यांना ओळींचे शेवट समजून सारखे करणार. हल्ली तर सुटा एलएफ दिसला की मेल सरळ नाकारणारे सर्व्हरही आहेत, कारण डिसेंबर २०२३ मध्ये याच ढिलाईतून एका मेलच्या पोटात दुसरा मेल घुसवता येतो हे उघड झालं आणि सगळ्यांनी नियम आवळले. खरा बायनरी डेटा मेलमधून नेण्याची सोय आहे, नाही असं नाही: आरएफसी ३०३० मधली ‘बीडॅट’ ही कमांड. पण त्यासाठी दोन्ही टोकांच्या सर्व्हरची तयारी लागते, आणि पायथनसोबत येणारी एसएमटीपी लायब्ररी ती वापरतच नाही. म्हणून मेलच्या ॲटॅचमेंटसाठी बेस६४, एवढंच धरून चाला.

ही पाटी लोकांच्या कोडमध्ये येते कुठून? बहुतेक वेळा वेबच्या कोडमधून. ब्राउझरला फाइल डाउनलोड करायला देणाऱ्या पीएचपीच्या असंख्य नमुन्यांत ही ओळ असते. एचटीटीपीमध्ये मुळात हे हेडर नाहीच, त्यामुळे तिथे ते असलं काय नि नसलं काय, फरक पडत नाही. फॉर्ममधून फाइल अपलोड होते तेव्हाही मल्टिपार्टच (अनेक भागांचा साचा) असतो, बाउंड्री तशीच दिसते, पण तिथे बाइट कच्चेच जातात कारण एचटीटीपीला ओळींचं बंधन नाही. दिसायला सारखे असले तरी हे दोन वेगळे रस्ते आहेत. एकीकडचा कोड दुसरीकडे चिकटवला की नेमका हाच गोंधळ होतो.

आता तुमच्या फाइलचं काय झालं ते बघू, कारण वाढलेला आकारच बरंच काही सांगतो. लॅटिन-१ मध्ये प्रत्येक बाइटला एक अक्षर आहे, म्हणून वाचताना एरर येत नाही. पण तीच अक्षरं यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केली की १२७ पर्यंतची एका बाइटची राहतात आणि १२८ पासून २५५ पर्यंतची प्रत्येकी दोन बाइटची होतात. पीडीएफचा बराचसा भाग कॉम्प्रेस केलेला असतो, आणि कॉम्प्रेस केलेल्या डेटात साधारण निम्मे बाइट १२८ च्या वरचे असतात. तुमची फाइल ३८ केबींनी वाढली, म्हणजे सुमारे ३९ हजार बाइट दुप्पट झाले. हिशेब बरोबर जुळतो.

डोळ्यांनी खात्री करायची असेल तर दोन्ही फाइली हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) शेजारी शेजारी उघडा. बहुतेक पीडीएफच्या दुसऱ्या ओळीत टक्क्याच्या चिन्हानंतर चार विचित्र बाइट असतात. बरेच प्रोग्रॅम तिथे ई२ ई३ सीएफ डी३ लिहितात. ते मुद्दाम ठेवलेले असतात, फाइल नेणाऱ्या प्रोग्रॅमला ही टेक्स्ट नाही हे कळावं म्हणून. पोचलेल्या फाइलमध्ये त्याच जागी सी३ ए२ सी३ ए३ सी३ ८एफ सी३ ९३ असे आठ बाइट दिसतील. सी३ आणि सी२ अशी सगळीकडे पेरलेली दिसली की निदान पक्कं: बाइट अक्षर समजून वाचले गेले आणि यूटीएफ-८ करून लिहिले गेले.

पानं कोरी का, तेही यातच आहे. पीडीएफचा सांगाडा, म्हणजे पानांची यादी, आकार, ऑब्जेक्टचे क्रमांक, पुष्कळदा साध्या आस्कीत असतो. तो वाचला. फाइलच्या शेवटची तक्ता-सूची चुकली, कारण तिच्यात प्रत्येक ऑब्जेक्ट सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे ते लिहिलेलं असतं आणि आता सगळं सरकलंय. पण बरेच रीडर ती सूची गुपचूप नव्याने बांधतात. म्हणून फाइल उघडते. पानावरचा मजकूर मात्र कॉम्प्रेस केलेल्या भागात असतो आणि तो उलगडतच नाही.

आधी पाठवलेल्या फाइली उलट प्रक्रिया करून परत मिळवता येतील, अशी आशा ठेवू नका. टेक्स्ट मोडमध्ये वाचताना पायथन आणखी एक गोष्ट न सांगता करतो: सीआर-एलएफची जोडी आणि सुटा सीआर, दोन्हींचा साधा एलएफ करतो. मूळ बाइट १३ होता की १० हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पावत्या मूळ फाइलींवरूनच पुन्हा पाठवाव्या लागतील.

आकारावरून निदान करायची ही रीत इतरत्रही उपयोगी पडते. फाइल साधारण १.३७ पट झाली आणि नोटपॅडमध्ये उघडल्यावर नुसती अक्षरं-आकडे दिसले, तर बेस६४ झालं पण कुणी उलगडलं नाही. मग कच्चा मेल बघा. पीडीएफचं बेस६४ नेहमी कॅपिटल जे, व्ही, बी, ई, आर, मग लहान आय, मग शून्य असं सुरू होतं. झिप, वर्ड किंवा एक्सेलच्या नव्या फाइलींचं यू, ई, लहान एस, डी, बी असं. कच्च्या मेलमध्ये जे-व्ही-बी-ई-आर दिसत असेल तर एन्कोडिंगचं हेडर राहिलंय किंवा चुकलंय. तिथे कॅपिटल एस, लहान एल, झेड, सी अशी सुरुवात दिसली, तर बेस६४ दोनदा झालंय. मूळ फाइलपेक्षा जेमतेम ०.४ टक्के वाढ असेल, तर एलएफचे सीआर-एलएफ झालेत, कारण यादृच्छिक डेटात दर २५६ बाइटांमागे एक एलएफ असतो. आणि हेक्समध्ये ईएफ बीएफ बीडी ही तिकडी जागोजागी दिसली, तर कुणीतरी यूटीएफ-८ म्हणून वाचताना ‘एरर आली तर बदला’ असा पर्याय दिलाय. तिथे मूळ बाइट कायमचे गेले.

या सगळ्यामागची चूक एकच. एन्कोडिंगची एरर आली की ती गप्प करायची नसते. फाइल स्ट्रिंग होऊ पाहतेय, आणि ती होता कामा नये, एवढंच ती एरर सांगत होती.

आता नीट पद्धत. पायथन ३.६ पासून ‘ईमेल’ पॅकेजमधला ‘ईमेलमेसेज’ हा क्लास पक्का झालाय, तोच वापरा. फाइल ‘आरबी’ मोडमध्ये उघडा, म्हणजे हातात स्ट्रिंग न येता बाइट येतील. ‘ईमेलमेसेज’चा ऑब्जेक्ट बनवून त्यात सब्जेक्ट, फ्रॉम, टू भरा. ‘सेट_कंटेंट’ने साधा मजकूर द्या. एचटीएमएल हवं असेल तर ‘ॲड_अल्टर्नेटिव्ह’ला एचटीएमएल आणि सबटाइप द्या. सगळ्यात शेवटी ‘ॲड_ॲटॅचमेंट’: पहिला अर्ग्युमेंट फाइलचे बाइट, मग मेनटाइप ‘ॲप्लिकेशन’, सबटाइप ‘पीडीएफ’ आणि फाइलनेम. बेस६४, ओळी तोडणं, बाउंड्री, हेडर, सगळं तोच करतो. तुम्ही स्वतः बेस६४ करून देऊ नका, नाहीतर वर सांगितलेलं दुहेरी प्रकरण होईल.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ॲटॅचमेंट आधी जोडून मग ‘ॲड_अल्टर्नेटिव्ह’ म्हटलं तर ‘मिक्स्डचं अल्टर्नेटिव्ह करता येत नाही’ अशा अर्थाची व्हॅल्यूएरर येते. ती बरोबरच आहे, कारण आतली रचना अशी हवी:

मल्टिपार्ट/मिक्स्ड
 ├ मल्टिपार्ट/अल्टर्नेटिव्ह
 │ ├ टेक्स्ट/प्लेन
 │ └ टेक्स्ट/एचटीएमएल
 └ ॲप्लिकेशन/पीडीएफ

अल्टर्नेटिव्हचा अर्थ ‘यातला कुठलाही एक दाखवा’. शेवटचा सगळ्यात चांगला असं मानलं जातं, म्हणून प्लेन आधी आणि एचटीएमएल नंतर. पीडीएफ चुकून अल्टर्नेटिव्हच्या आत गेली तर काही मेल प्रोग्रॅम तिला मजकुराचाच तिसरा पर्याय समजतात, आणि मग कुणाला ॲटॅचमेंट दिसते, कुणाला दिसत नाही. ‘माझ्या फोनवर दिसते, ऑफिसात नाही’ अशा तक्रारीत सगळ्यात आधी ही रचना तपासावी. एचटीएमएलमध्ये संस्थेचा लोगो दाखवायचा असेल तर तो एचटीएमएलच्या भागाला ‘ॲड_रिलेटेड’ने जोडायचा आणि त्याला सीआयडी (कंटेंट-आयडी, म्हणजे त्या भागाची ओळख) द्यायचा. तिथे एक बारीक खोच आहे: हेडरमध्ये सीआयडी कोनी कंसात असतो, एचटीएमएलच्या ‘एसआरसी’मध्ये ‘सीआयडी:’नंतर तो कंसाशिवाय लिहायचा.

पाठवताना ‘सेंड_मेसेज’ वापरा. ‘सेंडमेल’ला तुम्ही बाइट दिलेत तर ते ओळींचे शेवट सुधारत नाही, जे दिलं ते पाठवतं, ‘सेंड_मेसेज’ सीआर-एलएफ स्वतः नीट करतं. मेल डिस्कवर ठेवायचा असेल तर ‘ॲज_बाइट्स’ला एसएमटीपी पॉलिसी द्या. ‘ॲज_स्ट्रिंग’ टाळा, त्याने पुन्हा स्ट्रिंगच्याच वाटेला जाल.

जुन्या नमुन्यांत ‘माइममल्टिपार्ट’, ‘माइमबेस’ आणि ‘एन्कोड_बेस६४’ दिसतील. ते चालतात, पण त्यात दोन खड्डे आहेत. ‘माइमबेस’ला डेटा दिल्यावर ‘एन्कोड_बेस६४’ विसरलं की कच्चे बाइट जातात. आणि ‘माइमॲप्लिकेशन’ वापरलं तर ते स्वतःच बेस६४ करतं. त्यावर पुन्हा ‘एन्कोड_बेस६४’ केलं की एन्कोडिंगचं हेडर दोनदा लागतं.

काही ठिकाणी हातानेच जोडावं लागतं, हेही मान्य. जुनं होस्टिंग असतं, लायब्ररी टाकायची परवानगी नसते, पीएचपीचं साधं ‘मेल’ फंक्शन तेवढं हाताशी असतं. अशा वेळी पुढच्या गोष्टी सांभाळा.

बेस६४ म्हणजे तीन बाइटांची चार अक्षरं. माइममध्ये (मेलचे भाग आणि ॲटॅचमेंट मांडण्याचे नियम) एका ओळीत जास्तीत जास्त ७६ अक्षरं, म्हणजे मूळचे ५७ बाइट. तुमची ८४ केबीची फाइल ८६,०१६ बाइटची धरली तर तिची १,१४,६८८ अक्षरं होतात आणि ती १,५१० ओळींत बसतात. पीएचपीचं ‘बेस६४_एन्कोड’ मात्र ही सगळी अक्षरं एकाच ओळीत देतं. मर्यादा ९९८ ची! सर्व्हर एक तर मेल नाकारतो, नाहीतर ओळ स्वतः मधेच तोडतो. तोडताना उद्गारचिन्ह घुसवणारे जुने सर्व्हरही आहेत. बेस६४ च्या मध्ये आलेल्या परक्या अक्षराकडे दुर्लक्ष करावं असा नियम आहे, पण सगळे प्रोग्रॅम तो पाळत नाहीत. म्हणून ‘चंक_स्प्लिट’ लावायचंच. त्याच्या मूळ किमती ७६ आणि सीआर-एलएफ याच आहेत.

बाउंड्रीत लोक सर्वांत जास्त अडखळतात. हेडरमध्ये लिहिलेल्या बाउंड्रीच्या आधी, मजकुरात ती वापरताना दोन डॅश लागतात. शेवटच्या बाउंड्रीला आधी दोन आणि नंतरही दोन. बाउंड्रीचीच सुरुवात डॅशनी केली तर मोजताना हमखास चूक होते, म्हणून तशी करू नका. लांबी ७० अक्षरांपर्यंत. तिच्यात बरोबरचं चिन्ह आणि लगेच अंडरस्कोर ही जोडी ठेवा: ती बेस६४ मध्येही कधी येऊ शकत नाही आणि कोटेड-प्रिंटेबलमध्येही नाही, त्यामुळे डेटातलं काही चुकून बाउंड्रीसारखं दिसण्याचा प्रश्नच मिटतो. अशी बाउंड्री हेडरमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांत लिहायला विसरू नका. दर भागाचे हेडर संपले की एक कोरी ओळ हवीच. ती राहिली तर बेस६४ ची पहिली ओळ हेडर म्हणून वाचली जाते आणि फाइलचं डोकंच उडतं. बाउंड्रीच्या आधीचा सीआर-एलएफ मात्र बाउंड्रीचा भाग मानतात, डेटाचा नव्हे. आणि संपूर्ण मल्टिपार्टच्या हेडरला बेस६४ ही पाटी कधीच लावायची नाही. तिथे फक्त ७बिट, ८बिट किंवा बायनरी चालतं. बेस६४ आतल्या भागाला.

आता मराठीचा भाग. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्तसुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा. ‘नमस्कार’ म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट. कोटेड-प्रिंटेबलमध्ये प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे ६३. बेस६४ मध्ये २८. इंग्रजी मजकुराला कोटेड-प्रिंटेबल सोयीचं, कारण कच्च्या मेलमध्ये ते वाचता येतं. मराठीत तोही फायदा नाही आणि आकार दुपटीहून जास्त. म्हणून ‘सेट_कंटेंट’ला आणि ‘ॲड_अल्टर्नेटिव्ह’लाही ‘सीटीई’ (कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग) म्हणून बेस६४ स्पष्ट द्या. काही दिलं नाही तर पायथन छोट्या ओळींच्या मराठी मजकुरासाठी ८बिट निवडतो. आजच्या बहुतेक सर्व्हरवर ते चालून जातं, पण बेस६४ दिलं की मधल्या कुणाच्याही मर्जीवर राहावं लागत नाही.

सब्जेक्टसाठी वेगळी पद्धत आहे, आरएफसी २०४७ ची. तिचा एक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा. त्यात १२ अक्षरं नुसत्या वेष्टनाची जातात, उरलेल्यात ४५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं. ‘जुलै महिन्याची पावती’ यात १८ चिन्हं आणि दोन मोकळ्या जागा, एकूण ५६ बाइट; म्हणजे दोन तुकडे लागणार. हाताने तोडताना बाइट मोजून तोडलं आणि एखादं चिन्ह अर्ध्यात कापलं गेलं, तर तिथे प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसतो. दोन तुकड्यांमधली मोकळी जागा वाचणारा प्रोग्रॅम गाळतो, म्हणून शब्दांमधली खरी जागा तुकड्याच्या आत ठेवावी लागते. ‘ईमेलमेसेज’च्या सब्जेक्टला साधी मराठी स्ट्रिंग दिली की हे सगळं तो बघतो.

फाइलच्या नावाचं दुखणं वेगळं. तुम्ही हेडरमध्ये कच्चं यूटीएफ-८ लिहिलंत, समोरच्याने ते लॅटिन-१ म्हणून वाचलं, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी तीन-तीन भलत्या खुणा दिसल्या. नियमाप्रमाणे आरएफसी २२३१ च्या पद्धतीने लिहायचं: ‘फाइलनेम’नंतर तारा, मग यूटीएफ-८, दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि पुढे दर बाइटसाठी टक्क्याचं चिन्ह आणि दोन हेक्स अंक. ‘पावती’ या पाच चिन्हांची अशी ४५ अक्षरं होतात. ‘ॲड_ॲटॅचमेंट’ला मराठी फाइलनेम दिलं की तो असंच लिहितो, आणि थंडरबर्ड, जीमेल यांना ते नीट समजतं. पण सभासदांकडे कुठले जुने प्रोग्रॅम आहेत यावर हे अवलंबून आहे. पावतीसारख्या गोष्टीत मी फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवण्याचा सल्ला देईन: पावती, वर्ष, महिना, क्रमांक, मध्ये डॅश. मराठी सब्जेक्टमध्ये आणि मजकुरात मनसोक्त लिहा. नाव चुकीचं दिसलं की लोक फाइल उघडायलाच घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं योग्यच आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पावत्या लूपमध्ये पाठवणार म्हणून हे सांगणं भागच आहे. दर सभासदासाठी नवा ‘ईमेलमेसेज’ बनवा, लूपच्या आत. एकच ऑब्जेक्ट पुन्हा वापरलात तर आधीच्या सभासदाची पीडीएफ आतच राहते आणि दुसऱ्याला दोघांच्या पावत्या जातात, तिसऱ्याला तिघांच्या. जुन्या क्लासमध्ये तर ‘टू’ला नवी किंमत दिली की जुनी पुसली जात नाही, दुसरं ‘टू’ हेडर जोडलं जातं, आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात. नवा क्लास तिथे निदान एरर देतो. लोकांच्या ठेवी-कर्जांचे आकडे आहेत. या चुकीला माफी नाही.

मोठ्या फाइलींचं गणितही डोक्यात असू द्या. बेस६४ आणि ओळींचे शेवट धरून आकार १.३७ पट होतो. २५ एमबीची मर्यादा असेल तर मूळ फाइली मिळून १८ एमबीपर्यंतच धराव्यात. सर्व्हर आपली मर्यादा ‘एहलो’ या सुरुवातीच्या कमांडच्या उत्तरात ‘साइज’पुढे बाइटमध्ये सांगतो, ती एन्कोड झालेल्या अख्ख्या मेलची असते.

एसएमटीपीऐवजी एखादा एपीआय वापरत असाल तर काही गोष्टी बदलतात. काही एपीआय जेसनमध्ये फक्त फाइलचं बेस६४ मागतात. तिथे माइम ते स्वतः बांधतात, ओळी तोडायची गरज नाही. जीमेलचा एपीआय अख्खा माइम मेल मागतो आणि तो वरून पुन्हा बेस६४-यूआरएल या जातीत लागतो, ज्यात अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ यांच्या जागी डॅश आणि अंडरस्कोर असतात. आतल्या ॲटॅचमेंटचं बेस६४ मात्र नेहमीचंच राहतं. आतबाहेरची अदलाबदल केली की एक तर एपीआय नाकारतो, नाहीतर फाइल मधेच बिघडते.

सभासदांना पाठवण्याआधी नेटवर्कशिवाय चाचणी करता येते आणि ती करावीच. तयार मेल ‘ॲज_बाइट्स’ने घ्या, ‘मेसेज_फ्रॉम_बाइट्स’ला डिफॉल्ट पॉलिसीसह परत द्या, ‘इटर_ॲटॅचमेंट्स’ने ॲटॅचमेंट काढा आणि तिच्या ‘गेट_कंटेंट’चा शा-२५६ (सगळ्या बाइटांवरून काढलेला ओळखीचा आकडा) मूळ फाइलच्या शा-२५६ शी ताडून बघा. एक बिट जरी हलला तरी कळेल. मग स्वतःच्या दोन-तीन वेगळ्या खात्यांवर खरा मेल पाठवा, आलेली फाइल उतरवून पुन्हा तोच आकडा ताडा. या फेरीत पीडीएफबरोबर एक छोटी पीएनजीसुद्धा जोडा. तिचे पहिले आठ बाइट, ८९ ५० ४ई ४७ ०डी ०ए १ए ०ए, अशाच अपघातांसाठी योजलेले आहेत: पहिला बाइट आठवा बिट कापला गेला की बदलतो, सीआर-एलएफची जोडी आणि शेवटचा सुटा एलएफ ओळींचे शेवट कुणी छेडले की बदलतात. वाटेत काही बिघडलं असेल तर पीएनजी उघडणारच नाही, आणि त्या आठ बाइटांतला कुठला हलला यावरून बिघाड कुठल्या जातीचा ते लगेच कळेल.